नक्कल म्हणून वगळलेला इतिहास : 'रॉक मशीन', रंगभवन आणि मोठा आवाज

(थ्रेड)

महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात हेवी मेटलला जागा द्यावी का, असे विचारले की उत्तर बहुधा एका शब्दात मिळते : नक्कल. अमेरिकेतल्या मुलांनी केस वाढवले म्हणून मुंबईतल्या मुलांनीही वाढवले, त्यात इतिहास तो कसला? हे उत्तर सोयीचे आहे, पण इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणारे नाही. एका मुंबईकर बँडची कारकीर्द तारखांसह समोर मांडली की त्यातली गफलत दिसू लागते.

'मेटॅलिका' हा अमेरिकन बँड १९८१ साली लॉस एंजेलिसमध्ये स्थापन झाला. त्याचा पहिला अल्बम 'किल एम ऑल' १९८३ चा. मुंबईत 'रॉक मशीन' उभा राहिला १९८४ मध्ये. हार्ड रॉक आणि हेवी मेटल यांच्या सीमेवरचे हे संगीत होते. दोन्ही बँड एकाच पिढीचे, अंतर अवघ्या तीन वर्षांचे.

परकी वस्तू आपलीशी करणे महाराष्ट्राला नवे नव्हते. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसमध्ये १८४२ साली घेतले गेले. आज पेटीवाचून कीर्तनाची किंवा भजनाची कल्पनाही करवत नाही. देवलांनी १८९० मध्ये शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' रचले. त्या नाटकाला कोणी नक्कल म्हणून वाङ्मयेतिहासातून बाहेर काढलेले नाही. मग विजेच्या गिटारपाशीच ही कसोटी एवढी कडक का व्हावी?

'रॉक मशीन'मधली नावे पाहावीत : महेश तिनईकर, उदय बेनेगल, मार्क सेल्विन, जयेश गांधी, झुबिन बालापोरिया. हा आडनावांचा मेळ मुंबईबाहेर सहसा जमला नसता. आरंभी या मंडळींना वाजवावी लागली ती पाश्चात्त्य बँडची गाणी, कारण श्रोत्यांची मागणीच तशी होती. त्या मागणीमागे अर्थव्यवस्था उभी होती. परदेशी गिटारवर जबर आयात शुल्क. म्हणून कलकत्त्याची 'गिवसन' गिटार अनेकांच्या हाती. परदेशातून कोणी आणलेली कॅसेट हातोहात फिरे आणि तिच्या प्रतीवरून प्रती निघत. मूळ बँड प्रत्यक्ष ऐकण्याची शक्यता जवळजवळ शून्य. बंद अर्थव्यवस्थेत परदेशी मालाला देशी पर्याय घडवण्याचे धोरण होते. दुसऱ्यांची गाणी हुबेहूब वाजवणारे बँड हा त्याच धोरणाचा कोणीही न आखलेला सांस्कृतिक भाग होता. ज्याला आज नक्कल म्हटले जाते, तो त्या काळाचा आयात-पर्याय होता.

'रॉक मशीन'ची खरी कामगिरी यानंतरची. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' आणि १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग', हे दोन्ही अल्बम स्वतःच्या गाण्यांचे. ओळखीचे गाणे मागणाऱ्या श्रोत्यांसमोर अनोळखी गाणे ठेवणे हा व्यवसायाच्या दृष्टीने धोका होता. तो त्यांनी पत्करला.

पुढच्या वर्षी काळच बदलला. जुलै १९९१ मध्ये उदारीकरण आले आणि त्याच वर्षी उपग्रहाद्वारे एमटीव्ही घराघरांत पोहोचू लागली. त्या वाहिनीला आशियाई चेहरे हवे होते आणि इंग्रजी गाणारा, स्वतःची गाणी असलेला बँड मुंबईत तयार होता. १९९३ मध्ये 'रॉक मशीन'ने 'इंडस क्रीड' हे नाव धारण केले आणि त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशिया विभागातील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला.

पण ही खिडकी फार काळ उघडी राहिली नाही. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'ने हिंदी पॉपची बाजारपेठ किती मोठी आहे हे दाखवून दिले. १९९६ मध्ये एमटीव्ही परतली ती भारतासाठी वेगळी वाहिनी म्हणून, हिंदीकडे वळलेली. १९९७ मध्ये 'इंडस क्रीड' विसर्जित झाला. २०१० मध्ये तो पुन्हा एकत्र आला, २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बमही निघाला. पण तोवर श्रोत्यांची पिढी बदलली होती. या चढउताराचे कारण प्रतिभेत शोधणारे लेख पुष्कळ सापडतात. प्रतिभा होतीच, मात्र प्रसिद्धीची वर्षे ठरवली ती वाहिन्यांच्या व्यापारी गणिताने.

आता जागेविषयी, कारण संगीताचा इतिहास लिहिताना जागा नेहमी विसरली जाते. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू केला. त्याचे घर म्हणजे धोबी तलावचे रंगभवन, हे खुले नाट्यगृह. शेजारी सेंट झेविअर्स महाविद्यालय, जवळच रुग्णालये. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवन मुके झाले. रुग्णाचा शांततेचा हक्क गाण्याच्या हक्कापेक्षा मोठा आहे, याविषयी वाद नाही. महोत्सव अंधेरीकडे गेला, पुढेही चालला. रंगभवनाची जागा मात्र कोणत्याच मैदानाने घेतली नाही.

याच्या जोडीला दुसरी नोंद ठेवावी. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीत मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. तत्कालीन राज्य सरकारने त्याला करमणूक कर माफ केला. मुंबई ग्राहक पंचायतीने ती माफी न्यायालयात आव्हानित केली आणि अखेर २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तीन कोटींहून अधिक रक्कम आयोजकांना परत देण्याचा निर्णय घेतला. पाश्चात्त्य संगीताचे राज्यकर्त्यांना सरसकट वावडे होते, हा समज या एका प्रकरणाने खोटा ठरतो. पाहुण्या तारकाला पायघड्या मिळाल्या, घरच्या मुलांना नाही.

मेटल मात्र संपले नाही. २००० मध्ये साहिल मखिजा याने मुंबईत 'डेमॉनिक रिझरेक्शन' सुरू केला. या पिढीला वाहिनीची गरज उरली नव्हती, इंटरनेट होते. २०१७ मध्ये त्यांचा 'दशावतार' हा अल्बम आला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांवर दहा गाणी. हे कळताच अनेकांचा आक्षेप गळून पडतो : पुराणकथा आहे ना, मग हे आपले! पण हा निकष घातक आहे. विष्णूचे अवतार गायले म्हणून मेटल देशी आणि शहरातला कोंडमारा गायला तर परदेशी, असे म्हणणे म्हणजे इतिहासाच्या दारात ओळखपत्र तपासणारा शिपाई बसवणे होय.

हा सारा मामला मुंबईचा. केजच्या वाचकाचे त्यात काय? भारतीय रॉकची नोंद ठेवणारे 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे नियतकालिक १९९३ मध्ये निघाले ते मुंबईतून नव्हे, अलाहाबादहून. दस्तऐवज महानगरातच जपले जातात असे नाही. केजहून अंबाजोगाई किती जवळ! तिथल्या दासोपंतांची पासोडी, कापडावर लिहिलेला सुमारे ४० फूट लांबीचा मजकूर, चार शतके टिकली. १९८८ ची कॅसेट चाळीस वर्षांतच बुरशीने खाल्लेली सापडते.

आणि मोठ्या आवाजाचा स्थानिक इतिहास तर कोणी लिहायलाच घेतलेला नाही. लग्नाच्या वरातीतल्या आणि गणपतीच्या मिरवणुकीतल्या बँजो पार्ट्या, म्हणजे बुलबुलतरंगाला वीज जोडून कर्ण्यातून वाजवलेली सिनेगीते, हेही तरुण पोरांनी उभे केलेले बँडच. त्यांनाही ओळखीच्याच गाण्यांची फर्माईश होई, त्यांनाही पुढे डीजेने हटवले, आणि डीजेपाठोपाठ तोच २००० चा नियम तालुक्याच्या रस्त्यावर येऊन उभा राहिला. त्या काळात वाजवणारे वादक आज पन्नाशी-साठीत असतील. सुपाऱ्यांच्या वह्या, फ्लेक्स येण्यापूर्वीचे रंगवलेले फलक, वरातीतले फोटो, मोडका बँजो, यांपैकी काही ना काही त्यांच्या घरात अजून असण्याचा संभव आहे. यंदाच्या लग्नसराईपूर्वी कोणीतरी वही-पेन घेऊन त्यांच्याकडे जायला हवे.