मोरीचा हिशेब : आधी ट्रॅप, मग टाईल्स

गेल्या वर्षी कांजूरमार्गच्या आमच्या इमारतीत आम्ही घरची मोरी नव्याने करायला काढली. हाताशी ४० हजार रुपये होते. मुलांना आवडल्या म्हणून महागड्या टाईल्स घेतल्या, निम्मे पैसे तिथेच गेले. जुनी लादी फोडली तर खालचा नहाणी ट्रॅप फुटलेला! पैसे संपत आलेले, म्हणून मिस्त्रीने सिमेंट लिंपले आणि वर टाईल्स बसवल्या. महिनाभरात खालच्या मावशींच्या ओट्यावर पाणी ठिबकू लागले. पुन्हा तोडफोड, पतपेढीचे कर्ज, आणि मावशींपुढे मान खाली.

वाचकहो, तुम्ही हिशेब असा मांडा. पहिला खर्च पाइप, ट्रॅप व वॉटरप्रूफिंगचा. मग टाईल्स, शेवटी नळ. शिवाय दहावा हिस्सा अडीअडचणीला बाजूला ठेवा.

मोजमाप स्वतः करा. ५ बाय ४ फुटांच्या मोरीची जमीन २० चौरस फूट. भिंती ७ फूट उंच धरल्या तर १२६. त्यातून अडीच फुटी दाराचे साडेसतरा वजा. तुटफुटीचे दहा टक्के धरून साधारण १४१ चौरस फूट टाईल्स पुरतात. भाव विचारताना १८ टक्के जीएसटी धरला आहे का, हेही विचारा.

टाईल्स लावण्यापूर्वी जाळी बंद करून दोन दिवस पाणी साठवा, खालच्या घरी जाऊन छत पाहा, मगच मिस्त्रीला पुढचा हप्ता द्या. सोसायटीत बाहेरच्या सामायिक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. मोरीतली मात्र आपणच. साध्या पांढऱ्या टाईल्स चालतील, पण शेजाऱ्याच्या घरात आपले पाणी नको.