'नीट पुसा' म्हणजे नेमकं काय? ऑफिसच्या सफाईतही प्रशिक्षण का हवं

टेबल पुसलेलं, पण मॉनिटरमागे धूळ. फरशी चकाचक, पण दाराची मूठ चिकट. अशा वेळी हाउसकीपिंगवरचा ठपका ठरलेला असतो, 'यांचं लक्षच नसतं.' पण लक्ष कुठे द्यायचं, हे त्यांना कुणी शिकवलंय का? अनेक ठिकाणी हातात फडकं आणि बाटली देऊन एकच सूचना मिळते, 'नीट पुसा.'

कोणते बारकावे महत्त्वाचे?

• क्रम : आधी वरचं, मग खालचं. फरशी पुसल्यावर कपाटावरची धूळ झटकली, तर काम दुप्पट.

• रंग : प्रचलित पद्धतीत लाल फडकं टॉयलेटसाठी, पिवळं बेसिनसाठी, हिरवं पँट्रीसाठी, निळं डेस्कसाठी. फडक्यांची अदलाबदल झाली, तर ओटा स्वच्छ दिसतो, पण जंतू पसरतात.

• वेळ : जंतुनाशक फवारून लगेच पुसलं, तर पुरेसा उपयोग होत नाही. लेबलवर सांगितलेली मिनिटं ती जागा ओली राहायला हवी.

• हात लागणाऱ्या जागा : मुठी, नळ, लिफ्टची बटणं.

चूक जिवावर कशी बेतते?

अनेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्यात ब्लीच मिसळलं की विषारी क्लोरीन वायू तयार होतो. बंद टॉयलेटमध्ये त्याचा पहिला फटका सफाई करणाऱ्यालाच बसतो. धोक्याची सूचना बारीक इंग्रजी अक्षरांत असेल, तर दोष त्याचा कसा?

शिकवायचं कसं?

१९४० मध्ये अमेरिकेत नवख्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा उपक्रम सुरू झाला. त्याच्या चार पायऱ्या आजही उपयोगी आहेत : शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर तपासत राहा. त्याला जमलं नाही, तर शिकवणं कमी पडलं, असं इथे मानलं जातं.

ऑफिसला यासाठी मोठा खर्च नाही. मराठी-हिंदीत फोटोंसह चेकलिस्ट, रंगीत फडकी आणि सुरुवातीचे काही दिवस अनुभवी सहकाऱ्याची सोबत पुरेशी आहे. मात्र हे प्रशिक्षण पगारी वेळेतच व्हायला हवं आणि कंत्राटातही त्याची नोंद हवी. एकाच माणसावर तीन मजले सोपवून बारकाईची अपेक्षा करणं बरोबर नाही. लक्ष द्यायला आधी वेळ द्यावा लागतो.