समईला नियम, मग मेणबत्तीला का नाहीत?

मंडळी, मेणबत्तीवर लोंढ्याच्या माणसानं बोलायचं नाही तर कुणी बोलायचं? जून लागला की आपल्याकडे पाऊस जो बसायचा तो गणपतीपर्यंत उठायचा नाही. जंगलात कुठंतरी झाड तारांवर पडायचं आणि रात्र-रात्र लाईट नसायची. रेल्वे क्वार्टर्सपासून बाजारापर्यंत प्रत्येक घरात मेणबत्त्यांचा एक डबा ठरलेला. पुढं नव्वदच्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं, मग हळूहळू घरात इन्व्हर्टर आले आणि तो डबा रिकामा झाला.

आता मेणबत्ती परत आलीय, पण थाटात. काचेच्या भांड्यात, मोगऱ्याच्या नाहीतर चंदनाच्या वासाची. वास्तुशांतीला, दिवाळीला लोक भेट देतात. बेळगावात, पुण्यात आपल्या मुलांच्या घरी टीव्हीशेजारी ती बसलेली असते. माझं म्हणणं एवढंच, की ती लावायची कशी हे आपण मुलांना कधी सांगितलंच नाही. समईचं सगळं शिकवलं. खाली ताटली ठेव, पदर सांभाळ, वाऱ्यात ठेवू नको, काजळी झाड, फुंकर मारू नको. मेणबत्तीचं मात्र काडी ओढली की झालं!

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये मूळचं गोव्याचं एक ख्रिश्चन कुटुंब होतं. त्या घरातल्या आंटी 2 नोव्हेंबरला आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायला जायच्या. घरातल्या क्रुसापुढंही रोज एक लागायची. लावण्याआधी छोट्या कात्रीनं वात कातरायची, मगच काडी. आई एकदा म्हणाली, "तुमची मेणबत्ती आमच्या दुप्पट पुरते, कशी काय हो?" आंटी हसून म्हणाल्या, "बाय, तुझी खिडकीत बसून रडते, माझी कोपऱ्यात गप बसते."

त्या बोलण्यात शास्त्र होतं बघा. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञानं 1860-61 च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली, ती सगळी एका मेणबत्तीवर. मेण वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. वात लांब राहिली की मेण जास्त वर ओढलं जातं, सगळं नीट जळत नाही, मग ज्योत उंच होते आणि काजळी धरते. वारा लागला की ज्योत एका बाजूला झुकते, त्या बाजूची कड आधी वितळते आणि मेण खाली ओघळतं. आंटींच्या भाषेत, मेणबत्ती रडते.

म्हणून चार गोष्टी पाळा. दर वेळी लावण्याआधी वात पाव इंच ठेवून कातरा आणि जळका तुकडा मेणात पडू देऊ नका. पंखा, खिडकी, एसी यांच्या झोतात ठेवू नका. भांड्यातली मेणबत्ती पहिल्यांदा लावाल तेव्हा वरचा थर काठापर्यंत वितळू द्या. तीन इंच रुंद असेल तर तीनेक तास लागतात. घाईनं विझवली तर मधेच खड्डा पडतो आणि पुढं प्रत्येक वेळी ती तेवढीच जळते, कडेचं मेण वाया जातं. पण सलग चार तासांच्या वर जाळू नका आणि तळाला अर्धा इंच मेण उरलं की थांबा, नाहीतर काच तापून तडकते.

विझवताना फुंकर नको. गरम मेण उडतं आणि धूर घरभर होतो. भांड्यावर झाकण ठेवा किंवा चिमट्यानं वात वितळलेल्या मेणात बुडवून लगेच सरळ करा. पाणी तर कधीच ओतू नका.

काहीजण म्हणतील, दोनशे रुपयांच्या वस्तूचे एवढे लाड कशाला? पैशांचं सोडा. आमच्या ओळीत एका घरी उशाशी लावलेल्या मेणबत्तीनं मच्छरदाणी पेटली होती. आत बाळ होतं. शेजाऱ्यांनी घोंगडं टाकून विझवली म्हणून ते वाचलं, पण हातावरचा डाग जन्माचा राहिला. तेव्हा लाईटच नसायची, लोकांचा नाइलाज होता. आज हौसेनं लावतो आणि शेजारी पडदे, सोफा, चार्जिंगचा मोबाईल. खोलीत जागं माणूस नसेल तर मेणबत्ती पेटती ठेवू नये, हा नियम मी सगळ्यांत वर ठेवीन.

आणि ही वस्तू कुणीतरी कष्टानं केलेली असते. महाबळेश्वरला भावेश भाटिया या दृष्टिहीन उद्योजकानं उभ्या केलेल्या सनराइज कँडल्समध्ये दृष्टिहीन माणसं मेणबत्त्या करतात. न दिसणारे हात जी वस्तू इतकी नेटकी करतात, ती डोळस माणसानं निष्काळजीपणे जाळावी, हे काही बरं दिसत नाही.

ज्योत ज्योतच असते, तेलावरची असो की मेणावरची. तेव्हा यंदा दिवाळीला कुणाला मेणबत्ती भेट द्याल, तर सोबत एक छोटी कात्री द्या आणि दोन वाक्यं तोंडानं सांगा. डब्यावरची बारीक अक्षरं कोण वाचतंय? मोठ्यांनी सांगितलेलं मात्र पोरं ऐकतात, निदान लक्षात तरी ठेवतात.