ओस्लो करार: ५ वर्षांची 'तात्पुरती' सोय अजून का संपली नाही?

१३ सप्टेंबर १९९३. व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर यित्झाक राबिन आणि यासर अराफात यांनी हात मिळवले. आता शांतता येणार, असं अनेकांना वाटलं. मग घोडं अडलं कुठं?

आधी ठरलं काय होतं ते पाहू. अराफात यांच्या पीएलओनं इस्रायलचं अस्तित्व मान्य केलं. बदल्यात इस्रायलनं पीएलओला पॅलेस्टिनींची प्रतिनिधी मानलं. पॅलेस्टाइन हा देश मात्र मान्य केला नाही. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती आणि सीमा हे अवघड प्रश्न पुढे ढकलले. तेही ५ वर्षांत सोडवायचे होते.

१९९५ च्या दुसऱ्या करारानं वेस्ट बँकचे 'ए', 'बी', 'सी' असे तीन भाग केले. सुमारे ६० टक्के जमीन 'सी'मध्ये, म्हणजे पूर्णपणे इस्रायलच्या ताब्यात राहिली. हीसुद्धा तात्पुरतीच सोय. त्याच नोव्हेंबरमध्ये एका ज्यू अतिरेक्यानं राबिन यांची हत्या केली. हमासच्या आत्मघाती स्फोटांनी उरलासुरला विश्वास आटला. २००० मध्ये कॅम्प डेव्हिडची बोलणीही फिसकटली.

वसाहती वाढवू नयेत, अशी स्पष्ट अट करारात नव्हती. पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकमध्ये १९९३ साली लाखभर इस्रायली राहत होते. आज सुमारे ५ लाख. ज्या जमिनीबद्दल बोलायचं, तीच बदलत गेली.

म्हणून नव्या शांतता योजनेची बातमी आली, की फोटोपेक्षा दोन गोष्टी बघा: कोणते प्रश्न 'नंतर पाहू' म्हणून ठेवलेत, आणि तोवर काय थांबवायचं ठरलंय?