पराभूतांचे अर्ज कोणी वाचायचे?

१८९३ मध्ये हवाई बेटांची राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करण्यात आले आणि १८९८ मध्ये अमेरिकेने ती बेटे गिळंकृत केली. स्थानिकांनी हे निमूटपणे स्वीकारले, असे इतिहासग्रंथ दीर्घकाळ सांगत आले. वस्तुतः १८९७ मध्ये एकवीस हजारांहून अधिक लोकांनी विलीनीकरणाविरुद्धच्या अर्जावर सह्या केल्या होत्या. वॉशिंग्टनच्या अभिलेखागारात पडून असलेला हा अर्ज नोएनोए सिल्वा या अभ्यासिकेने १९९०च्या दशकात पुन्हा उजेडात आणला. तिचा आक्षेप साधा आहे : इतिहासकारांनी हवाईयन भाषेतील साधने वाचलीच नाहीत, मग त्यांना प्रतिकार दिसणार कसा?

सातारा-सांगली भागात मराठी शिकवणाऱ्या आम्हांला हा आक्षेप परका वाटत नाही. १८३९ मध्ये छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून दूर करून काशीस पाठवण्यात आले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनी १८५३ पर्यंत लंडनमध्ये राहून कंपनी सरकारपुढे दाद मागितली. त्याच काळात, १८४७ मध्ये, महाराज काशीतच निवर्तले. १८४८ मध्ये त्यांचे बंधू शहाजी महाराजही गेले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले.

हे साम्य ताणू नये. तेथे सामान्य जनांच्या सह्या होत्या, येथे एका राजाचा वकील होता. परंतु दोन्हीकडे पराभूतांनी लिहून ठेवले आणि पुढच्यांनी ते वाचले नाही, एवढे खरेच.

१८४८ हेच लोकहितवादींच्या ‘शतपत्रां’च्या आरंभाचे वर्ष. ती पत्रे आपण एम.ए.ला आवर्जून शिकवतो. सातारच्या राज्याचा अंत मात्र ‘दत्तक नामंजूर’ या दोन शब्दांत उरकतो. प्रतापसिंहांच्या रोजनिशा, त्या काळचा मोडीतील पत्रव्यवहार हे इतिहास विभागाचे काम, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते मान्य नाही. सत्तेला संबोधावे कसे, अदब राखून अन्याय उच्चारावा कसा, कोठे विनवावे आणि कोठे बजावावे, हे प्रश्न भाषेचे आहेत, म्हणून वाङ्मयाचेही आहेत. अर्ज हाही एक गद्यप्रकार आहे.

तेव्हा मराठी विभागांनी मोडी वाचनाला अभ्यासक्रमात हक्काची जागा द्यावी आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडून निदान एका कागदाचे लिप्यंतर करून घ्यावे. मोडी येत नाही म्हणून कागद मुके ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.