फोटोशॉपात लेयर आहेत, मग फिल्म कशाला?

एकाच फ्रेमवर दोनदा क्लिक करायचं, म्हणजे मल्टिपल एक्स्पोजर. "हे तर फोटोशॉपात दोन मिनिटांत होतं!" होतं ना. २०१४ च्या 'ट्रू डिटेक्टिव्ह'च्या टायटल्सनंतर चेहऱ्यात झाडं-इमारती घुसवलेली पोस्टरं ढिगाने आली. तरी पोर्ट्रेटसाठी हा उद्योग फिल्मवरच करावा, असं माझं ठाम मत आहे.

फिल्म म्हणजे आपल्या भाषेत बिटवाइज ऑर. पडलेला उजेड पुसता येत नाही. काळं तेवढं रिकामं राहतं. म्हणून आधी उजळ आकाशासमोर चेहऱ्याची काळी आकृती घ्यायची. मग (निकॉन एफएम२ला असतो तसा) खटका सरकवून लीव्हर ओढायचा. शटर तयार होतं, फिल्म जागेवरच. आता पानांचा फोटो घ्या: पानं फक्त चेहऱ्यात उगवतात. दोन्ही दृश्यं सारखीच उजळ असतील तर प्रत्येकी एक स्टॉप कमी, म्हणजे ४००ची फिल्म ८००वर.

खरी मजा पुढेच आहे. दुसऱ्या वेळी पहिला फोटो दिसत नाही. नाक कुठे होतं, मान कुठे संपली, सगळं लक्षात ठेवावं लागतं. माणसाकडे इतकं निरखून एरवी कोण बघतं? हॅरी कॅलहॅनने १९५०च्या दशकात पत्नी एलेनॉर आणि निसर्गदृश्य एकाच निगेटिव्हवर आणलं. तिचे फोटो तो त्याआधीही अनेक वर्षं काढत होता.