विंचवाचे विष आणि वाया जाणारे तास

उन्हाळ्यातल्या एखाद्या रात्री कोकणातील कौलारू घरात चार-पाच वर्षांचे मूल अंथरुणातून दचकून उठते आणि किंचाळू लागते. दिवा लावून पाहावे तो उशाशी एक तांबूस विंचू वळवळत असतो. वडीलधारी माणसे त्याला चपलेखाली ठेचतात. शेजारीपाजारी जमतात, कोणी दंशावर कांदा चोळतो, कोणी दोरी आवळतो, कोणी वाडीतल्या मांत्रिकाला आणावयास धावतो. काही वेळाने मुलाचे रडणे मंदावते आणि ‘उतार पडला’ म्हणून मंडळी सुटकेचा श्वास सोडतात. परंतु ते मूल घामाने निथळत असते, त्याला उलट्या होत असतात, हातपाय गार पडलेले असतात. घरच्यांना जो उतार वाटतो, तीच वस्तुतः संकटाची सुरुवात असते. अशा रात्री कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या आहेत.

मराठी मनाला विंचू अपरिचित नाही. एकनाथांच्या भारुडात तो कामक्रोधाचे रूप घेऊन आला आणि घरोघरी पोहोचला. मात्र भिंतीच्या भेगेत, लाकडांच्या ढिगात आणि पेंढ्यात दडून बसणाऱ्या खऱ्या विंचवाविषयी समाजाचे ज्ञान अजूनही ऐकीव गोष्टींपलीकडे फारसे गेलेले नाही. आकाराने मोठ्या, काळ्या विंचवाची लोकांना अधिक धास्ती वाटते; पण जीवघेणा ठरतो तो त्याच्याहून लहान असा लाल विंचू. त्याचे विष मज्जातंतूंना असे चेतवते, की शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा एकाएकी पूर लोटतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदयावर असह्य भार पडतो आणि अखेरीस फुप्फुसांत पाणी साचून रुग्णाच्या तोंडावाटे गुलाबी फेस येऊ लागतो. विंचू माणसाचे वय पाहून विष कमी-अधिक टोचत नाही. जे विष धट्ट्याकट्ट्या शेतकऱ्याच्या देहात विखुरते, तेच दहा-बारा किलो वजनाच्या बालकाच्या शरीरात एकवटते. म्हणूनच या दंशाने लहान मुलाचा जीव अधिक धोक्यात येतो.

या मरणावर उपाय नव्हता तेव्हा दैवाला बोल लावण्यास काही अर्थ होता. पण तो काळ सरून चार दशके उलटली आहेत, आणि उपाय शोधला गेला तो परदेशातील एखाद्या प्रयोगशाळेत नव्हे, याच मातीत. 1976 साली तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यात महाडनजीक बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर या तरुण डॉक्टरांनी विंचूदंशाने मरणारी माणसे उघड्या डोळ्यांनी पाहिली आणि प्रत्येक रुग्णाच्या लक्षणांची टिपणे ठेवली. 1982 साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. प्रथम नायट्रोप्रुसाइड हे शिरेतून देण्याचे औषध त्यांनी वापरले. परंतु त्यासाठी अखंड देखरेख लागते. त्यानंतर त्यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन या साध्या गोळीकडे लक्ष वळविले. विषाने आवळलेल्या रक्तवाहिन्या ही गोळी सैल करते. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह लिहिलेला त्यांचा या विषयावरील लेख 1986 मध्ये त्याच नियतकालिकात आला. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांपैकी पंचवीस-तीस दगावत. या उपचारानंतर ते प्रमाण अत्यल्प झाले. पुढे मुंबईच्या हाफकिनने लाल विंचवावरील प्रतिविष तयार केले. महाड येथे 70 रुग्णांवर झालेल्या व 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गोळीबरोबर प्रतिविषही दिले असता रुग्ण अधिक लवकर बरे होतात असे दिसून आले. 2022 साली शासनाने डॉ. बावस्करांना पद्मश्री देऊन गौरविले.

गौरव झाला, हे उचितच झाले. परंतु ज्ञानाचा खरा गौरव ते शेवटच्या वाडीपर्यंत पोहोचण्यात असतो. विंचूदंशाने आज एखादे मूल दगावत असेल, तर ते औषधाच्या अभावी नव्हे, तर बहुधा हातून निसटलेल्या तासांमुळे दगावते. हे तास दोन ठिकाणी वाया जातात.

पहिले ठिकाण घराचा उंबरठा. सुशिक्षितांनी मांत्रिकाची टवाळी करणे सोपे आहे. पण लोक त्याच्याकडे का जातात, हे समजून घेतले पाहिजे. बहुतेक दंश सौम्य असतात आणि त्यांची वेदना काही तासांत आपोआप शमते. त्या शमण्याचे श्रेय मंत्राला मिळते आणि पुढच्या गंभीर दंशाच्या वेळी त्याच श्रेयाच्या भरवशावर मोलाचा वेळ दवडला जातो. मांत्रिकाचा पाणउतारा करून हे थांबणार नाही. मंत्र म्हणायचाच असेल, तर तो दवाखान्याच्या वाटेवर म्हणावा, एवढे जरी गावाने ठरविले तरी अनेक जीव वाचतील.

दुसरे ठिकाण अधिक क्लेशकारक आहे, कारण ते खुद्द शासनाच्या दारात आहे. धापा टाकत आरोग्य केंद्र गाठलेल्या पित्याच्या हाती ‘पुढे न्या’ अशी चिठ्ठी पडते, तेव्हा घाटातला तो पुढचा प्रवास मुलाच्या आयुष्यातून वजा होत असतो. पुढे पाठविणे कित्येकदा अपरिहार्य असते, हे मान्य. परंतु पहिली मात्रा देऊन मगच पाठविणे, हा नियम अपरिहार्य का नसावा? प्राझोसिन ही पोटात घ्यावयाची गोळी आहे. बालकाचे वजन पाहून मात्रा ठरविणे, त्याला निजवून ठेवणे आणि रक्तदाबावर लक्ष देणे एवढी दक्षता तिच्यासाठी घ्यावी लागते. म्हणूनच ती घरी मनाने देण्याची वस्तू नाही; पण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवाक्याबाहेरचीही नाही. स्टेरॉइड किंवा ॲलर्जीवरील इंजेक्शन टोचून समाधान मानण्याने हे विष निष्प्रभ होत नाही. 2014 पासून राज्यात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. पण ती ज्या दवाखान्यात रुग्णाला नेणार, तेथील कपाट रिकामे असेल तर चाकांच्या वेगाचा काय उपयोग?

हे कपाट भरलेले ठेवणे हे शूरवीराचे काम नव्हे. ते मागणीपत्रक वेळेवर लिहिणाऱ्या, साठ्याच्या नोंदवहीत शिल्लक तपासणाऱ्या आणि ते कागद पुढे सरकविणाऱ्या कारकुनाचे काम आहे. उन्हाळा दरवर्षी येतो आणि विंचवाच्या वाढत्या उपद्रवाची वर्दीही तोच देतो. त्यापूर्वी साठा पोहोचला नाही, तर मागाहून होणारी चौकशी म्हणजे बैल गेला आणि झोपा केला, असाच प्रकार होय. शिक्षकाचे कामही तितकेच मोलाचे आहे. घाम, उलटी आणि गार हातपाय ही धोक्याची तीन लक्षणे वर्गातील मुलांना ठाऊक झाली, तर ती घरोघरी पोहोचण्यास वेळ लागणार नाही. अंथरूण झटकून निजावे, जोडा पायात घालण्यापूर्वी उपडा करून पाहावा, भिंतींच्या भेगा लिंपाव्यात, सरपण घरापासून दूर रचावे, हे सांगण्यासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

विंचवाला नांगी आहे म्हणून तो डंख मारतो. त्यात त्याचा अपराध नाही. परंतु उतारा ठाऊक असताना, तो आपल्याच जिल्ह्यात सापडलेला असताना, एखाद्या मुलाने पहाटेपूर्वी प्राण सोडावा, हा अपराध विंचवाचा खचित नव्हे.